मागे कोण थांबतं

मोटरसायकलच्या क्लबात जावं का, असं मला लोक विचारतात. माझं उत्तर या गोष्टीत आहे. 2022 च्या गणपतीनंतर आमच्या सोसायटीने जिन्याखालची अडगळ हलवण्याची नोटीस लावली. त्या अडगळीत माझी येझदी मोटरसायकल होती. तिच्यावर कुणाचा तरी मोडका पाळणा, वॉचमनची बादली आणि आठ वर्षांची धूळ.

ही गाडी मी 1994 मध्ये घेतली, लालबागच्या चाळीत राहत होतो तेव्हा. रोडकिंग मॉडेल, दोन सायलेन्सरवाली, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे माझी गाडी अगदी शेवटच्या काळातली. तिच्यावर बसून मी लग्नाची पत्रिका वाटली, बायकोला घेऊन डहाणूपर्यंत गेलो, मुलगी झाली तेव्हा रात्री अडीचला के.ई.एम.ला पोचलो. 2014 मध्ये कंबर धरली, मग स्कूटर आली आणि येझदी जिन्याखाली गेली. नोटीस आली त्या रात्री बायको म्हणाली, "भंगारवाल्याला दे, नाहीतर चालव. मधलं काही नको."

मी चालवायची ठरवली.

सुरू करणं त्या मानाने सोपं गेलं. आमच्या इथल्या मेकॅनिकने टाकीतला गंज धुतला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, टायर-ट्यूब, केबली, ब्रेक लायनर बदलले. तेरा हजार झाले. रजिस्ट्रेशनची मुदत कधीच संपली होती, तिचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्स, दंड, विमा, पीयूसी हे सगळं एजंटकडून करून घेतलं आणि त्यात फार पैसे घालवले. फॉर्म 25 भरायचा, चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्यायचा, गाडी तपासणीला न्यायची, एवढं स्वतः करता येतं हे मला नंतर कळलं. कुणी सांगणारं असतं तर निम्मे पैसे वाचले असते.

माझा भाचा तिशीतला आहे, नवी साडेतीनशे सीसीची गाडी चालवतो. तो म्हणाला, "मामा, एवढी जुनी गाडी घेऊन एकटा बाहेर पडू नकोस. आमच्या क्लबात ये. इतर कंपनीच्या गाड्याही चालतात आमच्याकडे." प्रवेश फी तीन हजार, तीन राइड पूर्ण केल्या की जॅकेटवर लावायचा बिल्ला मिळणार. मी पैसे भरले.

त्या मुलांबद्दल मला वाईट बोलायचं नाही. हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड, बूट, हातमोजे, सगळं सक्तीचं. मद्य घेतलेल्याला गाडीला हात लावू देत नाहीत. डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला कळंबोलीला जमायचं होतं. कांजूरमार्गहून ऐरोलीच्या पुलावरून मी पाच-वीसला तिथे पोचलो तर तीस-चाळीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. माझ्या गाडीचा आवाज ऐकून पोरं वळून बघायला लागली. एकाने किक मारून बघू का विचारलं आणि किक शोधत बसला. येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, डाव्या बाजूला, आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. ते दाखवताना मला खरोखर तरुण झाल्यासारखं वाटलं.

लोणावळ्याला नाश्ता करून परत यायचं, एवढाच कार्यक्रम. मुंबईहून दुचाकीवर बाहेर पडायचं तर वाटा तशाही थोड्याच. एक्सप्रेसवेवर आपल्याला मनाई, सी लिंकवर मनाई, नंतर झालेल्या कोस्टल रोडवर आणि अटल सेतूवरही मनाई. पुण्याच्या दिशेला जायचं तर जुना हायवेच, आणि त्यावर टँकर, ट्रेलर, डंपर. अशा रस्त्यावर पुढेमागे आपलं कुणी असावं असं वाटतं. क्लबात जायचं मला मुळात त्यासाठीच होतं.

पनवेल सोडल्यावर त्यांनी वेग घेतला. ऐंशी, नव्वद. त्यांच्या गाड्यांना ते काहीच नव्हतं. मीही ओढली. गाडी इतकी सुरेख पळत होती की मला वाटलं, तीस वर्षं झालीच नाहीत. चौक मागे पडलं, डावीकडे इर्शाळगडाचं टोक उजळायला लागलं आणि इंजिनातून बारीक टिंग-टिंग ऐकू यायला लागली. करपल्यासारखा वास आला. मी एक्सिलेटर सोडेपर्यंत मागचं चाक जाम झालं. जुनी सवय म्हणून क्लच आपोआप दाबला गेला, नाहीतर मी मागून येणाऱ्या टँकरखालीच गेलो असतो. गाडी सरपटत कडेच्या मातीत गेली.

इंजिन पकडलं होतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला होता.

शेवटचे चार जण माझ्या बाजूने हात हलवत निघून गेले. त्यांना वाटलं असेल, फोटो काढायला थांबलोय. मी हेल्मेट काढून मैलाच्या दगडावर बसलो. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. कुणी आलं नाही. फोनवर ग्रुपचे मेसेज यायला लागले, वड्याच्या ताटल्या, घाटातलं धुकं, सगळ्यांचा एकत्र फोटो. त्या फोटोत मी नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भाचा सगळ्यात पुढे होता, त्याला कळायचा मार्ग नव्हता. नऊ वाजता त्याचा फोन आला आणि तो तसाच उलटा फिरून आला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याची एकट्याची चूक नव्हती. कोण मागे राहणार हे त्या क्लबात कुणी ठरवलेलंच नव्हतं.

टेम्पोत घालून गाडी जवळच्या एका गॅरेजला नेली. तिथल्या मालकाने इंजिन उघडलं, पिस्टनवरचे ओरखडे दाखवले आणि म्हणाला, "पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलंत." टू-स्ट्रोक गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, ते मी लिटरला चाळीस मिली मोजून घातलं होतं. पण पिस्टनवर ओरखडे दिसत होते आणि बोलणारा मेकॅनिक होता, म्हणून मी मान डोलावली. बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून घासून थोडा मोठा करून, नवीन पिस्टन, रिंगा, गॅस्केट, साडेनऊ हजार. तीन आठवड्यांनी विक्रोळीला, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, जेमतेम पन्नासच्या वेगात, गाडी पुन्हा पकडली.

आता खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी भंगारवाल्याला फोन केला होता. त्याने उचलला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ऑपेरा हाउसला गेलो, पुढच्या साइजचा पिस्टन आणायला. तिथे जुन्या गाड्यांचे पार्ट ठेवणारी दुकानं आहेत. काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, किती दिवसांत दुसरा? म्हटलं, तीन आठवड्यांत. त्यांनी डबा परत फळीवर ठेवला. "पिस्टन घेऊ नका. उद्या महिन्याचा पहिला रविवार, चिंचपोकळीला जा. जावा-येझदीवाले जमतात. आधी त्यांना दाखवा." पत्ता त्यांनी बिलबुकाच्या मागे लिहून दिला. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

चिंचपोकळीला फुटपाथला लागून एक दहा बाय आठचं गॅरेज. बाहेर अकरा-बारा गाड्या, जावा, येझदी, एकदोन अगदी मुडदूस झालेल्या. माणसं सगळ्या तऱ्हेची. पोर्टातून निवृत्त झालेले एक जण, कॉलेजातलं पोरगं, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, दादर पारसी कॉलनीतले एक बावाजी. गॅरेज ज्यांचं, त्यांना सगळे काका म्हणतात. काका सत्तरीला टेकलेले. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1982 च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, तेव्हापासून फुटपाथवर दुचाकीचं काम.

मी टेम्पोतून गाडी उतरवली. मनात हिशेब चालू होता की इथे किती फी असेल. कुणी नावही विचारलं नाही. काका म्हणाले, "प्लग काढ."

प्लग काढून हातावर ठेवला. त्याचं टोक खडूसारखं पांढरं होतं.

"एक्सिलेटर सोडल्यावर रेस लगेच उतरते की थोडी वर लटकते?"

मी आठवलं. लटकत होती. विक्रोळीच्या आधी दोन दिवस सिग्नलला गाडी आपोआप रेस धरून बसायची, मी आयडलिंगचा स्क्रू कमी करत होतो.

"आणि ते कुणाला सांगितलंस?"

कुणालाच नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

काकांनी उजव्या बाजूचं झाकण उघडलं. आत डायनॅमो असतो, त्याच्यावर ठिणगी पाडणारा पॉइंट. बोट आत घालून त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. बोटाला काळं, चिकट, पेट्रोलच्या वासाचं तेल लागलं होतं. "इथे कोरडं ठणठणीत पाहिजे," ते म्हणाले. "तुझी गाडी चुकीच्या जागेने श्वास घेतेय."

मग त्यांनी मला फूटपट्टीने जमिनीवर आकृती काढून समजावलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या खोलीत येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून ती खोली हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. डावा सील गेला तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि मागून पांढरा धूर सुटतो, तो कुणालाही दिसतो. उजवा गेला तर नुसती हवा ओढतं. धूर नाही, बाहेरून गळती दिसत नाही, उलट गाडी दोन दिवस जास्तच हलकी पळते. हवा जास्त झाली की पेट्रोल कमी, आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्यामुळे तेलही कमी. इंजिन तापतं आणि पकडतं. कळंबोलीहून निघाल्यावर गाडी सुरेख पळतेय म्हणून मी खूश होतो, ते तेच होतं.

डायनॅमो उतरवून काकांनी सील बाहेर काढला. आठ वर्षं उभ्या गाडीत त्याचं रबर लाखेच्या बांगडीसारखं कडक झालं होतं. दोन बोटांत दाबल्यावर कट्‌कन तुटला. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. तिच्यासाठी माझं एक बोअरिंग वाया गेलं होतं आणि दुसरं करावं लागणार होतं.

पोर्टातल्या गृहस्थांनी सीलची मापं व्हर्नियरने घेऊन कागदावर लिहून दिली. "गाडीचं नाव सांगून मागू नका, माप सांगा. नागदेवी स्ट्रीटला सीलचीच दुकानं आहेत. काळा देईल, तो घेऊ नका, तपकिरी व्हायटॉनचा मागा. तो पेट्रोलला आणि उष्णतेला टिकतो." मी सोमवारी कामावरून सुटल्यावर मशीद बंदरला उतरून नागदेवीला गेलो. तिसऱ्या दुकानात मिळाला.

पुढच्या रविवारी इतर कुणी यायचं नव्हतं, तरी चौघे आले. ताईंनी डायनॅमोचे स्क्रू सांडू नयेत म्हणून बाटलीच्या झाकणात घालून हातात धरले होते. बोअर मारलेला सिलिंडर बसवला, दोन्ही सील नवे बसवले आणि मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडावी ते जुळवणं. पॉइंटची फट फीलर गेजने 0.4 मिलिमीटर केली. पॉइंट नेमका कुठल्या क्षणी उघडतो ते बघायला काकांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, एक सिगारेट फोडून तिचा पातळ कागद पॉइंटच्या मध्ये धरला आणि मला क्रँक हळूहळू फिरवायला सांगितलं. कागद दोन बोटांत ताणून धरलेला. एका जागी तो अलगद सुटला. "इथे. खूण कर." काका विडी-सिगारेट ओढत नाहीत. ते पाकीट केवळ कागदासाठी असतं आणि वर्षभर पुरतं.

दुसऱ्या किकला गाडी लागली. एक्सिलेटर सोडला की रेस झपकन खाली. तो स्वच्छ, मोकळा ठोका ऐकून मला काही बोलवेना.

मी पाकीट काढलं. हिशेब ठेवणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, आत्ता नको. तीन महिने येत राहा, आमच्याबरोबर एक लांबची राइड करा, मग ठरवा. वर्षाचे बाराशे आहेत." त्या बाराशेचं काय होतं तेही त्यांनी वहीत दाखवलं. क्लच आणि डायनॅमो उतरवायचे पुलर, टायमिंगचं गेज अशी एकट्याला परवडत नाहीत किंवा सहज मिळत नाहीत ती हत्यारं सामाइक घेतलेली. बंद पडलेली गाडी टेम्पोने आणायला एक वेगळा निधी. बाकी चहा. दर तिमाहीला हिशेबाच्या पानाचा फोटो सगळ्यांना जातो.

लांबची राइड फेब्रुवारीत झाली. कल्याण-मुरबाडवरून नाणेघाटाच्या पायथ्याशी वैशाखरेपर्यंत आणि परत. निघायच्या आधी काकांनी कोण कुठे ते सांगितलं. सगळ्यात म्हातारी, संथ गाडी सगळ्यात पुढच्या माणसाच्या लगेच मागे. म्हणजे सगळा जथा तिच्या वेगाने जाणार, पन्नास-पंचावन्न. शेवटच्या माणसाकडे हत्यारांची पिशवी, तो काही झालं तरी कुणाच्या पुढे जाणार नाही. वळण आलं की तिथे एकाने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. एक थांबला तर शेवटचा थांबणार आणि निरोप पुढे जाणार. चाळीसेक किलोमीटरनंतर सगळ्यांनी थांबायचं, इंजिनं निवू द्यायची.

त्या दिवशी तीन वेळा थांबलो. एकाचा प्लग काजळला, एकाचा क्लचचा केबल तुटला, एकाची सायलेन्सरची रिंग ढिली झाली. एकदाही मला मागे वळून बघावं लागलं नाही. आरशात शेवटचा पिवळा दिवा दिसत होता. पस्तीस वर्षं मी गाडी चालवतोय, पण रस्त्यावर इतका निर्धास्त कधी नव्हतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तिच्यामुळे लोक क्लब सोडतात. रविवार जातात. महिन्यातला एक ठरलेला, पण कुणाची तरी गाडी उघडलेली असली की आणखी एक. माझ्या बायकोने सुरुवातीला समजून घेतलं, मग एकदा स्पष्ट सांगितलं की दोन रविवार गाडीचे असतील तर दोन घरचे. तेव्हापासून मी तेवढंच पाळतो. फोनवर दिवसाला शंभरेक मेसेज येतात, त्यात कामाचे पाच. मूळ गाडी जशीच्या तशी ठेवायची की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं, यावरून दोन चांगली माणसं सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हती.

आणि एक मला स्वतःला लागलेली गोष्ट. क्लबातल्याच एकाने मला जुना अस्सल कार्ब्युरेटर म्हणून एक विकला, पैसेही अस्सलचेच घेतले. काकांनी हातात घेताच सांगितलं की हा नकली आहे. मी ते बैठकीत सगळ्यांसमोर मांडलं. पैसे परत मिळाले, पण महिनाभर काही जण माझ्याशी तुटक वागले, "घरातली गोष्ट घरात ठेवायची" म्हणून. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. नवा माणूस विश्वासाने येतो, त्याला पार्ट विकून कमाई करणं फार वाईट. त्यानंतर नियम झाला की सभासदाने सभासदाला पार्ट विकायचा तर किंमत सगळ्यांसमोर सांगायची आणि काकांनी बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तो विकणारा गेला. बाकीचे हळूहळू पूर्ववत झाले.

तरीही मी टिकलो, कारण या गाड्यांचं ज्ञान दुसरीकडे कुठे उरलेलं नाही. कारखाना बंद होऊन तीस वर्षं होत आली. 2018 मध्ये जावा हे नाव नव्याने बाजारात आलं, 2022 मध्ये येझदीही, पण त्या फोर-स्ट्रोक गाड्या, त्यांच्या शोरूममध्ये आमच्या गाडीचा स्क्रूही मिळत नाही. पेट्रोल पंपावर टू-स्ट्रोकचं तेल घालून देणारं यंत्र असायचं, तेही दिसेनासं झालं. आम्ही तेलाची बाटली आणि मापाचं झाकण डिकीत ठेवतो. आधी तेल, त्यावर पेट्रोल, मग गाडी दोन्ही हातांनी हलवायची, म्हणजे नीट मिसळतं.

आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. नव्या गाडीवाल्याला त्याचं फारसं काही करावं लागत नाही. आमच्या गाड्यांचं रबर आणि कार्ब्युरेटर त्या काळातल्या पेट्रोलसाठी केलेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेत पाणीच पाणी. 2025 च्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाची गाडी तीन आठवडे उभी होती. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाशी पाण्याचा थर आणि धातूवर बुरशीसारखा पांढरा गंज. तेव्हापासून आमच्यात शिस्त झाली. गाडी चार दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. पाइप, सील, वायसर टप्प्याटप्प्याने बदलायचे. हे ज्याने त्याने आपापलं नुकसान करून शिकायचं, की एकाचं झालेलं नुकसान बाराजणांना शहाणं करणार, एवढाच फरक आहे, पण तो हजारो रुपयांचा आहे.

कागदपत्रांचंही तसंच. ताईंची जावा 1969 ची, वडिलांची. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर घेता येतो. सगळे त्यांना म्हणत होते, घ्या, मान आहे तो. त्यांनी नियम काढून वाचला. त्या नंबरवर गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच. ताई दर शनिवारी त्या जावावर भाजी आणायला जातात. त्यांनी तो नंबर घेतला नाही, साधं नूतनीकरण केलं, आणि दोघातिघांना फॉर्म भरून दिले.

जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा दिवस. आपल्याकडे तो ऐन पावसात येतो. गेल्या वेळी दादरपासून निघालो तेव्हा रपरप चालू होती. रेनकोट घातलेली माणसं, निळसर धूर पावसात दबून रस्त्यावरच तरंगणारा, बसथांब्यावरचे एक आजोबा छत्री बाजूला करून उभे राहिलेले. सिग्नलला त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझी विकली हो." सिग्नल सुटला, मला पुढे जावं लागलं. ते अजून मनात आहे.

तर क्लबात जावं का, असं विचारणाऱ्याला मी काय सांगतो? गाडी नवी, वॉरंटीतली, सर्व्हिस सेंटरला जाणारी असेल आणि नुसतं फिरायला सोबत हवी असेल, तर चार मित्र पुरेत, फी भरायची गरज नाही. गाडी जुनी असेल तर नक्की जा, पण पैसे भरण्याआधी एक राइड त्यांच्या मागे मागे करा. बघा, शेवटची गाडी कुणाची आहे आणि तो माणूस पुढे जायला उतावीळ आहे का. कुणी बंद पडलं तर पुढचे किती वेळाने थांबतात. हिशेबाची वही मागा, दाखवतात का बघा. जॅकेट, बिल्ला, झेंडा हे शेवटी.

भाच्याने त्याचा क्लब सोडला नाही. मी सोड म्हटलंही नव्हतं. चौकच्या त्या सकाळनंतर त्याने तिथे भांडून शेवटच्या माणसाचा नियम करून घेतला आणि ती जागा स्वतः घेतली. त्याच्या जॅकेटवर आता मागून दिसणारा पिवळा पट्टा आहे.

मागच्या महिन्यात रविवारी सकाळी पावणेआठला त्याचा फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"मामा, खोपोलीच्या पुढे आहे, शिंग्रोबाच्या देवळापाशी. एकाच्या चेनचं लॉक उडालंय. बाकीच्यांना वर थांबवलंय. इथे जवळ कुणी आहे का तुमचं?"

आमच्या यादीत खोपोलीचे एक जण आहेत, 1978 ची येझदी चालवतात. मी भाच्याला तिथेच थांब म्हटलं आणि त्यांना फोन लावला. ते दाढी करत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "चेन कुठल्या नंबरची? पाच मिनिटांत निघतो."